आकाशातील राखीव वाट

वर्गात दहा मुले एकदम बोलू लागली, तर शिक्षकांना एकाचेही बोलणे धड समजत नाही. बिनतारी संदेशांचे तसेच आहे. रेडिओची लहर एका सेकंदात जितक्या वेळा कंप पावते, तितकी तिची कंपनसंख्या. एकाच परिसरात एकाच कंपनसंख्येवर दोघे बोलू लागले, की दोघांचेही शब्द एकमेकांत मिसळून जातात. म्हणून या लहरींचे पट्टे पाडून, कोणता पट्टा कोणी वापरावा हे सरकार ठरवून देते. या साऱ्या पट्ट्यांस मिळून रेडिओ वर्णपट म्हणतात. तो डोळ्यांना दिसत नाही. पण जमिनीप्रमाणेच मर्यादित असल्यामुळे त्याच्या वाटणीवरून तंटे होतात.

अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांना १९२२ साली रेडिओ केंद्राचा परवाना मिळाला, तो करमणुकीच्या केंद्राचा! गाणी ऐकवावयाची आणि मध्येच चोरीस गेलेल्या मोटारीचा क्रमांक सांगावयाचा, अशी मोठी चमत्कारिक स्थिती होती. १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींना नियमित संदेश जाऊ लागले. तथापि मोटारीतील शिपायास ते केवळ ऐकता येत, उत्तर देता येत नसे.

पुढे पोलिस, आगीचे बंब, रुग्णवाहिका यांना निरनिराळे पट्टे मिळाले. गोंगाट टळला खरा. परंतु एकाचे बोलणे दुसऱ्यास ऐकू येईना. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कच्या जागतिक व्यापार केंद्राच्या दोन उत्तुंग इमारतींवर अतिरेक्यांनी विमाने आदळविली. लोकांना सोडविण्यासाठी बंबवाले जिने चढत होते. एक इमारत कोसळली, तेव्हा दुसरीही पडण्याच्या बेतात असल्याचा इशारा पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून देण्यात आला. तो पोलिसांच्या रेडिओवर गेला. बंबवाल्यांचे संच निराळ्या लहरींवर होते. त्यांच्या स्वतःच्या लहरींवरही संदेशांची एवढी गर्दी उसळली, की बाहेर पडण्याची आज्ञा अनेकांपर्यंत पोहोचलीच नाही. त्या दिवशी ३४३ बंबवाले मृत्यू पावले. ते सारे केवळ रेडिओच्या उणिवेमुळे गेले, असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पण ही उणीव कोणास नाकारता आली नाही.

२०१२ साली अमेरिकेने कायदा करून २० मेगाहर्ट्झ रुंदीचा पट्टा संकटकालीन सेवांसाठी राखून ठेवला. मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदास दहा लाख कंपने. हा पट्टा ७०० ते ८०० मेगाहर्ट्झच्या दरम्यान येतो. पूर्वी तेथे दूरचित्रवाणीचे राज्य होते. २००९ मध्ये तिची प्रक्षेपणे तेथून हलविण्यात आली. कमी कंपनसंख्येच्या या लहरी दूरवर जातात आणि भिंतींतूनही बऱ्यापैकी आत शिरतात. त्यांवर ‘फर्स्टनेट’ नावाचे जाळे उभारले गेले. बंबाची घंटा ऐकताच इतर वाहने बाजूस सरतात, त्याप्रमाणे तेथे सामान्य ग्राहकाचे संभाषण मागे ठेवून बंबवाल्याचा संदेश आधी सोडला जातो. संकट नसेल त्या वेळी मात्र ही वाट इतरांनाही वापरू देतात, आणि ते शहाणपणाचेच आहे.

तरीही बंबवाल्यांनी हातातले जुने संच टाकून दिलेले नाहीत. मनोरा बंद पडला, तरी असे दोन संच एकमेकांशी थेट बोलू शकतात.