गच्चीवरचे पाणी जिरवायचे कोठे?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. हे साधे गणित घेऊन बुलढाणा जिल्ह्यातील एखाद्या नव्या वसाहतीकडे पाहू या. एका घराची गच्ची १०० चौ. मी. आहे असे समजू. तासाभरात ५० मि.मी. पाऊस झाला, तर तिच्यावर ५,००० लिटर पाणी पडेल. त्यातले सुमारे ९० टक्के वाहून जाते असे धरले, तर सेकंदाला सव्वा लिटर पाणी खाली येते. चाळीस घरांचे मिळून ५० लिटर! पूर्वी तेथे शेत असताना यातले बरेच पाणी भेगांत शिरे, उरलेले सावकाश वाहे. आता सारा लोट एकदम उतारावरच्या घरांकडे धावतो.

राज्याच्या २०२०च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीनुसार ५०० चौ. मी. व त्याहून मोठ्या भूखंडांवरील नव्या बांधकामांत पावसाचे पाणी साठवण्याची किंवा जिरवण्याची सोय करावी लागते. मग भिंतीलगत शोषखड्डा खणला की झाले काय? नाही. येथे मातीचा स्वभाव आड येतो.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणखनिज असते. त्याच्या पापुद्र्यांमध्ये पाणी शिरले की ते फुगते, सुकले की आकसते. फुगलेल्या मातीतली छिद्रे बुजतात आणि पाणी जिरेनासे होते. हा ओलावा पायाखाली पोचला, तर पाया पावसाळ्यात उचलला जातो, उन्हाळ्यात खचतो आणि भिंतींना तडे जातात.

म्हणून जोत्याभोवती बाहेरच्या बाजूस उतार असलेली फरसबंदी करावी. गच्चीचे पाणी नळाने दूर नेऊन आधी टाकीत घ्यावे. टाकी भरल्यावर उरलेले पाणी गाळून शोषखड्ड्यात सोडावे. हा खड्डा पायापासून लांब आणि काळ्या थराखालच्या मुरमापर्यंत खोल हवा. वरच्या भागाला पक्के बांधकाम हवे. तोही भरला, तरच पाणी पावसाळी गटारात जावे.

जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेगाव, संग्रामपूर या भागांत मात्र पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आहे. तेथे जिरवलेले गोडे पाणी खाऱ्या भूजलात मिसळते. तेथे टाकी मोठी बांधणेच शहाणपणाचे.

वर्गात एक प्रयोग करता येईल. बूड कापलेल्या दोन बाटल्या उलट्या टांगून तोंडाला फडके बांधा. एकीत कोरडी काळी माती, दुसरीत मुरूम समान वजनाने भरा. दोन्हींत सारखेच पाणी ओता आणि ते जिरायला लागणारा वेळ मोजा. काही वेळाने पुन्हा तेवढेच पाणी ओता. शोषखड्डा कोठवर खोल न्यायचा, याचे उत्तर या दुसऱ्या मोजणीत मिळेल.