३५३ कोटींचे ४,८०५ कोटी होतात कसे?

अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)–बीड–परळी वैजनाथ या २६१ किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला १९९५ मध्ये मंजुरी मिळाली, तेव्हा खर्च धरला होता ३५३ कोटी रुपये. पुढे तो २,८०० कोटींच्या वर गेला आणि नंतर ४,८०५ कोटींवर पोचला. किलोमीटरमागे सुमारे १ कोटी ३५ लाख धरले होते, त्याचे १८ कोटींहून अधिक झाले. आष्टीपर्यंत गाडी धावायला सप्टेंबर २०२२ उजाडला, बीडपर्यंत १७ सप्टेंबर २०२५. परळीचा टप्पा तेव्हाही बाकीच होता.

सिमेंट, पोलाद, डिझेल, मजुरी सगळेच या काळात महागले. पण महागाईला तीस वर्षे मिळाली ती काम रेंगाळल्यामुळे. मंजुरी एकदाच मिळते, पैसा मात्र दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून येतो. सुरुवातीची अनेक वर्षे या मार्गाच्या वाट्याला तुटपुंजी तरतूद आली. निम्मा खर्च उचलण्याचे राज्य सरकारने मान्य केल्यावर कामाने वेग धरला. अर्धवट काम नुसते थांबून राहत नाही, ते बिघडते. मातीचा भराव तयार आहे आणि पुढचा पूल नाही, अशा अवस्थेत दोन-चार पावसाळे गेले की भरावाला घळी पडतात आणि माती पुन्हा टाकून दाबून घ्यावी लागते.

दुसरे मोठे कारण जमिनीचे. १८९४ च्या कायद्यात बाजारभावावर ३० टक्के दिलासा रक्कम होती. २०१३ च्या कायद्याने ती १०० टक्के केली, शिवाय ग्रामीण भागात बाजारभावाला गुणकही लावला. शेतकऱ्याच्या हातात पडलेल्या या पैशाला उधळपट्टी म्हणणे चूक आहे. जुना दरच अन्यायाचा होता. वेळ खातात ते कागद. सातबारावर आजोबांचेच नाव, वारसनोंद झालेली नाही, विहीर सामायिक, बांधावरची झाडे कोणाची यावर भावाभावांत वाद. संयुक्त मोजणीत असा एक गट अडकला, तरी पुढचा-मागचा मार्ग तयार असूनही रूळ जोडता येत नाहीत.

कर्ज काढून बांधलेल्या प्रकल्पात व्याजाचे मीटर काम थांबले तरी चालूच राहते. वांद्रे–वरळी सागरी सेतूची पायाभरणी १९९९ मध्ये झाली. पाच वर्षांत, ६६० कोटींत तो व्हायचा होता. न्यायालयीन याचिकांमुळे काम लांबले. ३० जून २००९ रोजी सेतूचे उद्घाटन झाले, तेव्हा खर्च १,६०० कोटींच्या घरात गेला होता. त्यातले सुमारे ७०० कोटी वाढीव व्याजाचे.

निर्णय फिरवण्याचीही किंमत पडते. मुंबईच्या भुयारी मेट्रो-३ चा खर्च २३,१३६ कोटींवरून ३७,२७६ कोटींवर गेला. तिची कारशेड आरेच्या जंगलात ठरली. २०१९ मध्ये काम थांबवले गेले, २०२० मध्ये जागा कांजूरमार्गला हलवली, तिथे न्यायालयाची स्थगिती आली, आणि २०२२ मध्ये पुन्हा आरे. जंगल वाचवावे की नाही, हा प्रश्न रास्तच होता. मात्र तो निविदा निघण्यापूर्वी निकाली निघायला हवा होता, कारण त्यानंतरचा प्रत्येक महिना प्रकल्पाच्या खर्चात मोजला जातो.

आणखी एक कारण म्हणजे पहिला आकडाच कमी धरण्याची सवय, आणि ती एकट्या भारताची नाही. डॅनिश अभ्यासक बेंट फ्लिव्हबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये वीस देशांतल्या २५८ वाहतूक प्रकल्पांचा हिशेब मांडला. दहापैकी नऊ प्रकल्पांत खर्च कमी धरला होता. रेल्वेमार्गांत प्रत्यक्ष खर्च सरासरी ४५ टक्क्यांनी, तर रस्त्यांत २० टक्क्यांनी अधिक निघाला. चूक प्रामाणिक असती, तर काही अंदाज जास्त आणि काही कमी निघाले असते. इथे जवळजवळ सगळेच एकाच बाजूला झुकलेले. आकडा लहान असला की मंजुरी लवकर मिळते, आणि एकदा खोदकाम सुरू झाले की प्रकल्प सोडून देणे कोणत्याच सरकारला परवडत नाही.

सुधारित अंदाजपत्रकात न मांडलेला खर्च लोकांनी सोसला. मंजुरीनंतरची तीस वर्षे बीड या जिल्ह्याच्या ठिकाणी रेल्वे नव्हती. पुण्या-मुंबईला जायचे तर रात्रीची एसटी किंवा खासगी बस, नाहीतर आधी नगर किंवा परळी गाठायची आणि तिथून गाडी पकडायची.