काट्यांआधीचं ओलं बाळपण

अ‍ॅरिझोना आणि मेक्सिकोत पसरलेल्या सोनोरन वाळवंटात सग्वारो नावाचा उंच, हात वर केल्यासारखा निवडुंग वाढतो. त्याच्या एका फळात सुमारे २,००० बिया असतात, काळ्या, मोहरीच्या दाण्याएवढ्या. उभ्या आयुष्यात एक झाड चार कोटींच्या आसपास बिया देतं आणि त्यातून मोठी होणारी रोपं बोटांवर मोजण्याइतकी. बियांपासून निवडुंग करायला बसलेल्याने हा हिशेब आधी समजून घ्यावा.

फळं पिकतात ती जूनमध्ये, पावसाच्या तोंडावर. तिथेही त्या पावसाला मॉन्सूनच म्हणतात. तिथल्या तोहोनो ओओधाम आदिवासींचं नवं वर्ष या फळांच्या तोडणीपासून सुरू होतं. बी पावसात रुजतं, पण जगतं ते बहुधा पालो व्हर्डेसारख्या एखाद्या झाडाच्या सावलीत. ते झाड दाईसारखं असतं: उन्हाळ्यात ऊन अडवतं, हिवाळ्यात गारठा. एवढी राखण होऊनही आठ वर्षांनी रोप जेमतेम इंच-दीड इंचाचं असतं. पहिलं फूल येतं पस्तिशीच्या आसपास.

बियांपासून निवडुंग करणं म्हणजे ही दाई आपण होणं. निवडुंगाला पाणी कमी, ऊन भरपूर, हा नियम मोठ्या झाडाचा आहे. कोवळ्या रोपाच्या अंगात पाण्याचा साठा फारसा नसतो. त्याला ओल लागते, आणि त्याच ओलीवर बुरशीही पोसते. सगळी अडचण इथे आहे.

म्हणून पेरणीआधीची स्वच्छता मी अजिबात टाळत नाही. फळातून काढलेलं बी गर पूर्ण जाईपर्यंत धुऊन सुकवायचं, कारण गरातल्या साखरेवर बुरशी आधी चढते. चाळलेली जाड वाळू, दगडाचा बारीक चुरा आणि थोडं कोकोपीट ओलं करून जुन्या कुकरमध्ये वाफवायचं. गार झालं की वर बी नुसतं भुरभुरायचं. मातीने झाकायचं नाही. बहुतेक जातींच्या बियांना रुजायला उजेड हवा असतो. मग कुंडी झिपलॉक पिशवीत बंद करून उजेडात, पण थेट उन्हाबाहेर ठेवायची. अ‍ॅस्ट्रोफायटम नावाच्या निवडुंगाचं ताजं बी उबेत दोन-तीन दिवसांत फुटतं. फड्या निवडुंगाचं टणक कवचाचं बी मात्र महिनोन्‌महिने थांबू शकतं.

रुजलेलं रोप निवडुंगासारखं दिसतच नाही. हिरवा मणी, वर दोन इवले कान. एका पावसाळ्यात माझ्या पिशवीत एका कडेला पांढरी लव दिसली. उद्या बघू म्हटलं. दुसऱ्या दिवशी निम्मे मणी बुडाशी पाणचट होऊन आडवे पडले होते. ही रोपमर एका रात्रीत कुंडी रिकामी करते. तेव्हापासून लव दिसली की रोगट रोपं चिमट्याने मातीसकट उचलतो आणि बाकीच्यांना हवा देतो.

बुरशीतून वाचलेल्यांवर शेवाळ चढतं. बारीक काळी चिलटं ओल्या मातीत अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या कोवळी मुळं कुरतडतात. पण माझ्या मते सगळ्यांत नाजूक काळ पिशवी उघडण्याचा. एकदम उघडली तर मणी सुरकुततात, उन्हात ठेवली तर लाल पडतात. आधी एक भोक, आठवड्याने दुसरं, मग तोंड अर्धं उघडं. पाणी खालून, ताटलीतून.

एवढा खटाटोप कशासाठी? फांदीवरून केलेलं रोप आईची नक्कल असतं. बियांतून काय येईल सांगता येत नाही. जपानमध्ये १९४१ च्या सुमारास वातानाबे नावाच्या एका लागवडकाराच्या वाफ्यात हरितद्रव्य नसलेली लाल रोपं निघाली. स्वतःच्या बळावर ती जगली नसती; दुसऱ्या निवडुंगावर कलम करून ती वाचवली गेली. आज आपल्या नर्सऱ्यांत दिसणारे लाल गोळ्यांचे निवडुंग त्यातूनच आले.

आणखी एक कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. अ‍ॅस्ट्रोफायटम अ‍ॅस्टेरियास टेक्सास आणि मेक्सिकोच्या थोड्या भागातच नैसर्गिकरीत्या वाढतो आणि शौकिनांसाठी तो तिथून उपटून नेला गेला. आज त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सगळ्यांत कडक बंधनं आहेत. बियांपासून वाढवलेली रोपं मिळत राहिली, तर रानातलं झाड उपटायचं कारण कमी होतं.

गेल्या वर्षीच्या पेरणीतली याच अ‍ॅस्ट्रोफायटमची अकरा रोपं आज माझ्याकडे आहेत, वाटाण्याएवढी. त्यांतल्या दोन रोपांच्या डोक्यावर पहिले पांढरे ठिपके उमटलेत.