म्युकरमायकोसिस : निदानातील विलंब आणि आपली जबाबदारी

फेब्रुवारी २०२१ मध्ये अमरावती व अकोल्यात पुन्हा टाळेबंदी लागली आणि कोरोनाच्या दुसऱ्या लाटेची चाहूल राज्याला वऱ्हाडातून मिळाली. दोन-अडीच महिन्यांनी, वैशाखाच्या उन्हात, दुसराच व्याधी दारी उभा राहिला. मे महिन्यात केंद्र शासनाने १८९७ च्या साथरोग अधिनियमाखाली त्याची नोंद बंधनकारक करण्यास राज्यांना सांगितले. महाराष्ट्राने त्याचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत घेतले. वृत्तपत्रांनी 'काळी बुरशी' हे नाव रूढ केले. लाट ओसरली, तरी व्याधी गेलेला नाही. मधुमेह कोठे गेला आहे?

त्याच मे महिन्यात दर्यापूर तालुक्यातील पन्नाशीचा एक शेतकरी माझ्याकडे आला. उजवा गाल दुखतो, वरच्या दाढा हलल्यासारख्या वाटतात, नाक चोंदते, अशी तक्रार. कोरोनातून उठून तीन आठवडे झाले होते. मी दुष्ट प्रतिश्याय समजून नस्य व काढा दिला. रक्तशर्करा तपासली नाही. गालाला स्पर्श कळतो का, हेही पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी पापणी खाली आलेली, डोळा पुढे आलेला. नागपूरला शस्त्रक्रियेने जीव वाचला, डोळा गेला. घरी परतल्यावरही तो स्वतःच्या मनाने स्टेरॉईडच्या गोळ्या घेत होता, हे मला नंतर कळले. माझ्या केसपेपरवर त्याचा उल्लेख नाही, कारण मी विचारलेच नव्हते.

या बुरशीचे बीजाणू शेणखतात, उकिरड्यात, भिजलेल्या कुटारात व हवेत सर्वत्र असतात. निरोगी शरीर त्यांचा निकाल लावते. अनियंत्रित मधुमेहात, विशेषतः रक्तातील आम्लता वाढली असता, पांढऱ्या पेशी दुबळ्या होतात आणि सुटे झालेले लोह बुरशीच्या उपयोगी पडते. स्टेरॉईड शर्करा वाढवते व प्रतिकारही दडपते. मग तंतू रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरतात, रक्तप्रवाह थांबतो व पुढील मांस मरते. आपल्या परिभाषेत हा कोथच. काळा रंग त्या मृत मांसाचा. बुरशी स्वतः प्रयोगशाळेच्या बशीत पिंजलेल्या कापसासारखी, पांढुरकी-करडी वाढते. काळी खपली दिसण्याची वाट पाहणाऱ्या वैद्याला त्यामुळे उशीर झालेलाच असतो.

निदान अवघड का, हे नीट समजून घेतले पाहिजे. आरंभीची लक्षणे पीनस, अर्धावभेदक, दंतशूल यांचीच. नाकातील स्राव कापसाच्या बोळ्यावर घेऊन केलेल्या तपासणीवर विसंबता येत नाही: बुरशी न आढळल्याने रोग नाही असे ठरत नाही, आणि आढळली तरी ती हवेतून आलेली असू शकते. इतर आक्रमक बुरशींसाठी केल्या जाणाऱ्या बीटा-डी-ग्लुकान व गॅलॅक्टोमॅनन या रक्तचाचण्या येथे निरुपयोगी ठरतात. ऊतीचा तुकडाच हवा. केओएच घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे तंतू तासाभरात दिसू शकतात. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, पडदे असलेले व लघुकोनात फुटणारे. हा भेद औषध ठरवतो, कारण ॲस्परजिलसवर चालणारे व्होरिकोनॅझोल येथे काम करीत नाही. ॲम्फोटेरिसिन, शस्त्रक्रिया व शर्करेचे नियंत्रण तातडीने लागते. एक साधी चूकही वारंवार होते: संपूर्ण तुकडा फॉर्मालिनमध्ये टाकला जातो आणि बुरशी मरून संवर्धन होऊ शकत नाही. एक भाग फॉर्मालिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये पाठवावयास हवा.

चरकाने शंखकाला तीन रात्रींची मुदत दिली आहे. शंखक म्हणजे म्युकरमायकोसिस, असे मी म्हणणार नाही. अशी ओढाताण मला रुचत नाही. परंतु काही शिरोरोगांत वैद्याला वाट पाहण्याची मुभा नसते, हे त्या आचार्यांना ठाऊक होते. मधुमेही किंवा स्टेरॉईड घेतलेल्या रुग्णात एकाच बाजूचा गाल दुखणे वा बधिर होणे, दुहेरी दिसणे, दात हलणे, नाकातून रक्तमिश्रित वा काळपट स्राव, यांपैकी काही आढळल्यास नस्य थांबवून त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे. पत्रात शर्करा, स्टेरॉईडची मात्रा व दिवस लिहावेत.

औषध विक्रेता बंधूंशीही थोडे बोलावयाचे आहे. डेक्सामेथासोनचा लाभ २०२० च्या चाचणीत प्राणवायू लागणाऱ्या रुग्णांनाच दिसला होता, तोही ६ मिलिग्रॅम आणि जास्तीत जास्त १० दिवस. जुनी चिठ्ठी दाखवून पुन्हा गोळ्या मागणाऱ्यास नकार देणे धंद्याला जड जाते, हे मान्य. पण त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट आपल्याच नावावर चालते. गुडघेदुखी व दम्यावरच्या, नाव-पत्ता नसलेल्या 'आयुर्वेदिक' पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेले असू शकते. एका रात्रीत दुखणे थांबवणारी पुडी रुग्णाने दाखवली, तर ती केसपेपरसोबत ठेवून घ्या आणि पाठवण्याच्या पत्रात तिचा उल्लेख करा.