पाठीवरचे अंश

‘पाय जुळव बाळा, गुडघे ताठ ठेव. आता तळवे जोड आणि सावकाश खाली वाक.’ पुण्यातल्या एका फिजिओथेरपी विभागात शाळकरी मुलांच्या पाठींची तपासणी बघत बसले होते. मूल वाकलं की थेरपिस्टबाई मागे बसतात, नजर पाठीच्या पातळीला आणतात आणि एका बाजूच्या बरगड्या उचललेल्या दिसतात का ते पाहतात. विल्यम अ‍ॅडम्स या इंग्लिश शल्यविशारदाने १८६५ मध्ये वर्णिलेली ही चाचणी आजही पहिली पायरी आहे.

मग येतो स्कोलिओमीटर. विल्यम बनेल यांनी १९८४ मध्ये मांडलेलं हे उपकरण गवंड्याच्या पाणसळीसारखं: बाकदार नळीत द्रव आणि त्यात एक गोळी. मधली खाच मणक्यांच्या रेषेवर अलगद टेकवायची, पाठीवर दाबायची नाही. गोळी स्थिरावली की अंश वाचायचे. नंतर एका मुलीला स्टुलावर बसवून पुन्हा वाकायला सांगितलं. एक पाय किंचित आखूड असेल तर उभ्याने दिसलेला तिरकेपणा बसल्यावर कमी होतो.

त्याच पाठीवर शिकाऊ थेरपिस्टने मोजलं, तर आकडा वेगळा आला. बाईंनी तिला शांतपणे दाखवलं: खाच थोडी बाजूला सरकली होती आणि मूलही आधीइतकं वाकलं नव्हतं. या पद्धतींची विश्वासार्हता मला तिथे नीट समजली. एकाच माणसाने पुन्हा मोजलं तर आकडे बऱ्यापैकी जुळतात. हात बदलला की फरक वाढतो. पाठीवर लवचिक पट्टी दाबून तिचा बाक कागदावर उतरवण्याची पद्धत असो वा प्रकाशाच्या पट्ट्यांनी पाठीचा नकाशा काढणारा कॅमेरा, कुठे खूण केली आणि मूल कसं उभं राहिलं यावर सगळं अवलंबून असतं. मोबाइलवर कपड्यांसकट फोटो काढून ठेवण सांगणाऱ्या अ‍ॅपवर तर मी मुळीच विसंबणार नाही.

आणखी एक गफलत पालक हमखास करतात. स्कोलिओमीटर धडाचा पीळ मोजतो, कण्याचा बाक नव्हे. बाकाचा कॉब कोन एक्स-रेवर काढतात आणि तो किमान १० अंश असेल तरच स्कोलिओसिस म्हणतात. म्हणून स्कोलिओमीटरचे ७ अंश म्हणजे कॉबचे ७ नव्हेत. तो एक्स-रेकडे पाठवण्याचा एक प्रचलित उंबरठा आहे. एक्स-रेही निर्दोष नसतो. एकाच फिल्मवर दोन डॉक्टरांच्या मोजणीत काही अंशांचा फरक पडतो, म्हणून साधारण ५ अंशांहून कमी बदलाला बाक वाढला असं सहसा म्हणत नाहीत.

पाठीवरच्या मोजणीत फरक पडत असला, तरीही तिच्या मदतीने एक्स-रेचा किरणोत्सर्ग टाळण्याची धडपड मला मोलाची वाटते. अमेरिकेत लहानपणापासून वारंवार एक्स-रे काढलेल्या, कण्याचे विकार असलेल्या ५,५७३ स्त्रियांचा अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यात स्तनाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू अपेक्षेपेक्षा जास्त होते. आजची मात्रा तेव्हाहून खूपच कमी आहे, पण वाढत्या वयातल्या मुलीचा प्रत्येक एक्स-रे विचार करूनच काढावा.

तेव्हा पालकांनो, आकड्याबरोबर तारीख, वेळ, उपकरण आणि मोजणाऱ्याचं नावही वहीत लिहून ठेवा. पुढची मोजणी शक्यतो त्याच हाताने, त्याच उपकरणाने, त्याच वेळी करून घ्या. आणि डॉक्टरांनी एक्स-रे सांगितला, तर मात्र भीतीपोटी टाळू नका.