दुसऱ्याला कळेल असा प्रोग्राम

बँकेच्या व्हाउचरवर व्यवहाराचा तपशील लिहायची एक ओळ असते. आम्ही तिला ‘नॅरेशन’ म्हणायचो. ती ओळ ‘किरकोळ’ एवढ्या एका शब्दावर भागवणारे महाभाग प्रत्येक शाखेत असायचे. रक्कम बरोबर, खातं बरोबर. पण सहा महिन्यांनी ऑडिटर आले की त्या ‘किरकोळ’चा अर्थ लावता लावता रात्र व्हायची. १९८४ साली रंगराजन समितीचा अहवाल आला, यथावकाश शाखांत संगणक आले आणि वाटलं, सुटलो! पण प्रोग्रामही माणसंच लिहितात, आणि तो पुढं दुरुस्त करणारी माणसं बहुधा वेगळीच असतात.

या दुखण्यावर १९७४ सालीच एक छोटंसं पुस्तक निघालं होतं. ‘द एलिमेंट्स ऑफ प्रोग्रामिंग स्टाइल’, लेखक ब्रायन कर्निघन आणि पी. जे. प्लॉगर. मला त्यातली गंमत वाटते ती ही, की या दोघांनी चुकीचे नमुने स्वतः रचले नाहीत. छापील पाठ्यपुस्तकांतलेच प्रोग्राम उचलले, त्यांतली खोट दाखवली आणि ते नव्यानं लिहून दिले. निबंधाच्या वहीवर लाल शाई फिरवावी तसं!

सोलापूरजवळ कुंभारीला विडी कामगार महिलांची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत आहे. २००६ मध्ये तिथं घरं मिळाली. तिथली एक मुलगी संगणकशास्त्र शिकते. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ तिनं पार झिजवलं आहे. आईच्या मजुरीचा हिशेब करणारा प्रोग्राम तिनं मला दाखवला. हजार विड्यांचा दर, वळलेल्या विड्या, नापास विड्या. आणि या सगळ्यांची नावं एक्स, वाय, झेड!

“काका, चालतंय की! मग वाचायचं कशाला?”

मी म्हटलं, “दर वाढला तर कुठं बदलशील?” तिनं बोट फिरवलं, थांबली, पुन्हा वरून सुरुवात केली. शेजारी आई सुपात पानं घेऊन बसली होती. तिनं विचारलं, “नापास विड्यांचं पैसं कुठल्या ओळीत कापतीस गं?” मला यापेक्षा चांगला परीक्षक सुचला नसता.

कानेटकर भाषा शिकवतात, आणि उत्तम शिकवतात. भाषा आल्यावर लिहायचं कसं, हा पुढचा इयत्तेचा प्रश्न. त्यासाठी मार्टिन फाउलर यांचं ‘रिफॅक्टरिंग’ (१९९९) घ्यावं. प्रोग्रामचं काम तसंच ठेवून त्याची आतली मांडणी पायरीपायरीनं कशी सुधारायची, हे त्यात आहे. रॉबर्ट मार्टिन यांच्या ‘क्लीन कोड’चा (२००८) बोलबाला मोठा. नावं अर्थपूर्ण ठेवा, हा त्यांचा आग्रह शंभर टक्के मान्य. पण प्रत्येक तुकडा इवलासा करण्याचा त्यांचा सोस मला पटत नाही. कादंबरीत प्रत्येक वाक्य चार शब्दांचं केलं, तर वाचक पानं उलटूनच दमेल!

अडचण इंग्रजीची आहे, हे खरं. मूळ सोलापूरचे अच्युत गोडबोले संगणकावर इंग्रजीत पाठ्यपुस्तकं लिहूनही मराठीकडे वळले. त्या वाटेवर अजून पुष्कळ जागा आहे. आता तर सांगाल तो प्रोग्राम यंत्रच क्षणात लिहून देतं. त्यानं नापास विड्या बरोबर कापल्या की नाही, हे मात्र कुंभारीतल्या त्या मुलीलाच वाचून पाहावं लागणार.