गाडी दुसऱ्याची, धूर आपल्या मुलाच्या छातीत

अमरावती-अकोल्याच्या गॅरेजांत मिस्त्री, वेल्डर, हेल्पर म्हणून आपल्या वस्त्यांतली कितीतरी मुलं राबतात. टर्बो इंजिनच्या गाड्या वाढल्या, तशी 'डाउनपाइप बदलून द्या' म्हणणारी गिऱ्हाइकंही येतात. गाडीचा जोर वाढतो, आवाज घुमतो, मालकाची हौस भागते. पण गाडीखाली आडवा होतो तो आपला मुलगा. त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी ही माहिती आम्ही देत आहोत.

डाउनपाइप म्हणजे काय?

इंजिनमधून निघणारा तापलेला धूर टर्बोचं चाक फिरवतो. त्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबली जाते, म्हणून लहान इंजिनलाही ताकद येते. चाक फिरवून झालेला धूर ज्या नळीतून सायलेन्सरकडे जातो, ती डाउनपाइप. बऱ्याच गाड्यांत याच नळीत किंवा तिला लागून कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे 'कॅट' असतो. त्याच्या आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते. पेट्रोल गाडीत तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम अशा धातूंचा पातळ थर असतो. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडचा बराचसा भाग इथेच कमी घातक वायूत बदलतो.

ही जाळी धुराला थोडी अडवते. म्हणून जोर वाढवण्यासाठी पुष्कळदा कॅट नसलेला रुंद पाइप बसवतात. धुराची वाट मोकळी होते, टर्बो लवकर फिरतो. पण विषही तसंच बाहेर पडतं.

धोका कुठे कुठे?

कोंडलेला धूर : पाइप बसवला की गळती आणि आवाज तपासायला इंजिन चालू करतात. शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून शटर खाली ओढतात. हीच सर्वांत घातक वेळ. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, झोप येणं ही लक्षणं. 'ऊन लागलं असेल' म्हणून दुर्लक्ष करू नका. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर इथे फसवतं, आकडा चांगला दिसतो.

वेल्डिंगचा धूर : हे पाइप बहुधा स्टेनलेस स्टीलचे. त्यात क्रोमियम आणि निकेल असतं. वेल्डिंग करताना क्रोमियमचं विषारी रूप धुरात येतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगचा धूर कर्करोगकारक ठरवला. तोंडाला रुमाल बांधून तो अडत नाही.

डोळे : वेल्डिंगचा झोत उघड्या डोळ्यांनी पाहिला की काही तासांनी, बहुतेक रात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं. दूध, गुलाबपाणी घालू नका. डॉक्टरांना दाखवा.

भाजणे आणि दबणे : टर्बोजवळची नळी इंजिन बंद झाल्यावरही बराच वेळ तापलेली असते. भाजलं तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं धरा. टूथपेस्ट, हळद, शाई लावू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

मुलांनी काय करावं?

– इंजिन चालू करायचं ते उघड्यावर. आत करावंच लागलं तर दोन्ही बाजू उघड्या हव्यात आणि धूर नळीने बाहेर काढलेला हवा.
– वेल्डिंगला काचेची ढाल, हातमोजे आणि धुराचा फिल्टर असलेला मास्क मालकाकडे मागा. तो उपकार नाही, हक्क आहे.
– गाडीखाली लोखंडी स्टँड लावा, चाकांना अडण द्या.
– कामाचे कपडे घरी वेगळे धुवा. त्याच कपड्यांनी लेकराला उचलून घेऊ नका.

कॅट काढायचं काम आलं तर नाही म्हणा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मनाने असा बदल करता येत नाही. कलम १८२अ प्रमाणे गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. या कायद्यात गाडी दुरुस्त करणाराही 'डीलर' धरला आहे आणि त्याला शिक्षा जास्त : एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख रुपये दंड.

चार-पाच माणसांच्या गॅरेजला ईएसआय लागत नाही. मुलगा आजारी पडला तर मजुरी बुडते आणि औषधाचा खर्च घरावर येतो. म्हणून आयाबहिणींनो, मुलगा रोज संध्याकाळी डोकं धरून बसत असेल आणि सुटीच्या दिवशी बरा वाटत असेल, तर ते लक्षण ओळखा. धुरात कुणी कोसळलं तर आधी शटर उघडा, श्वास रोखून त्याला बाहेर ओढा, मग १०८ ला फोन करा. अमरावतीत इर्विनला, अकोल्यात सर्वोपचारला न्या आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगा : 'हा गाडीच्या धुरात होता.' त्या एका वाक्यावर त्याला वेळेत ऑक्सिजन मिळेल.